उद्धार आणि उधार

काशीच्या ब्रह्माघाटाच्या पायऱ्या चढून वर आले की ज्या अरुंद गल्ल्या लागतात, त्यांत मराठी शब्द कानावर पडणे आता पूर्वीइतके सुलभ राहिलेले नाही. तथापि ते अगदीच दुर्मीळही झालेले नाही. अशाच एका गल्लीतील जुन्या वाड्यात एक वृद्ध मराठी बाई राहतात. गेल्या चातुर्मासात त्यांनी आम्हांस बोलावून घेतले आणि माळ्यावरून काढलेला एक रुमाल पुढे ठेवला. रुमाल म्हणजे जुन्या दफ्तराचे गाठोडे, हे वाचकांस सांगावयास नको. फडके विरले होते. आत मोडीत लिहिलेले सुटे बंद होते, एक लांबट वही होती, आणि कडांनी वाळवीने आपला वाटा आधीच घेतला होता. आजी म्हणाल्या, “बाळ, तुला कचेरीतून वेळ मिळेल तेव्हा एवढ्याचा उद्धार कर. माझ्याच्याने आता घाट उतरवत नाही.”

वाक्याचा पूर्वार्ध ऐकून आम्हांस वाटले की, हे कागद वाचून, लावून, जतन करून ठेवावेत अशी त्यांची इच्छा आहे. उत्तरार्ध ऐकल्यावर उलगडा झाला. त्यांना कागद गंगेत सोडावयाचे होते. जीर्ण पोथी रद्दीत जाऊ नये, पायदळी येऊ नये, ती गंगार्पण व्हावी, ही येथील जुनी रीत. आजींच्या दृष्टीने तोच त्या कागदांचा उद्धार होता. आमच्या दृष्टीने तो त्यांचा अंत होता. एकाच शब्दाने एक माणूस बुडविणे सुचवितो आणि दुसरा वाचविणे समजतो, तेव्हा त्या शब्दाची चौकशी करणे भाग पडते. ती चौकशी करीत असता आम्ही व्याकरणापासून निघून काशीच्या इतिहासात जाऊन पोहोचलो. त्याच वाटेने वाचकांस नेण्याचा येथे विचार आहे.

गमावलेली वस्तू पुन्हा मिळविण्यास मराठीत शब्दांची वाण नाही. हरवलेली गाय आपण परत आणतो, गहाण पडलेला दागिना सोडवितो, थकलेली बाकी वसूल करतो. या सर्वांत एक गोष्ट समान आहे: वस्तू तीच असते आणि ती पूर्वीच्या धन्याकडे, पूर्वीच्या जागी येते. गाय दावणीला येते, दागिना डब्यात येतो. ‘उद्धार’ हा शब्द या पंक्तीत बसतो असे प्रथमदर्शनी वाटते. मोडक्या देवळाचा जीर्णोद्धार, लोपलेल्या विद्येचा पुनरुद्धार असे आपण म्हणतो तेव्हा ‘पूर्ववत करणे’ हाच अर्थ आपल्या मनात असतो. परंतु शब्दाची घडण पाहिली तर ‘पूर्ववत’ ही कल्पना त्यात कोठेही नाही.

संस्कृतच्या विद्यार्थ्यास उपसर्गांचे सामर्थ्य शिकविताना प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार हे पाच शब्द ओळीने सांगण्याचा प्रघात आहे. पाचांतही धातू एकच, ‘हृ’, म्हणजे नेणे. उद्धार हाही त्याच घराण्यातला. ‘उद्’ या उपसर्गापुढे ‘ह’ आला म्हणजे संधीने त्याचा ‘ध’ होतो. म्हणून उद् अधिक हार तो उद्धार. ‘धृ’ म्हणजे धारण करणे या धातूवरूनही त्याची व्युत्पत्ती लाविली जाते, आणि भाषेत हे दोन्ही प्रवाह पुढे मिसळून गेले आहेत. पहिली व्युत्पत्ती धरून चालले तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. अपहार आणि उद्धार हे सख्खे भाऊ ठरतात. दूर नेणे तो अपहार, वर नेणे तो उद्धार. दोहोंतही वस्तू आपल्या जागेवरून हलते. भेद केवळ दिशेचा आहे. इतिहासात या दोन भावांची गल्लत वारंवार झालेली आढळते, ती का, हे यावरून थोडेफार समजते.

शब्दाचे जुने उपयोगही ‘वर काढणे’ या अर्थालाच धरून आहेत. वराहाने पृथ्वीचा उद्धार केला तो जलातून वर काढून. अग्निहोत्री आपल्या गार्हपत्य अग्नीतून निखारा उचलून आहवनीय कुंडात नेतो, त्या क्रियेला उद्धरण म्हणतात. मूळ अग्नी आपल्या जागी तेवत राहतो आणि उचललेला अग्नी दुसऱ्या कुंडात नव्याने कामास लागतो. ग्रंथातून वाक्य उचलून आपल्या लेखात घेतले की ते उद्धृत होते. येथे काशीत हिंदीच्या सहवासात राहताना आम्हांस नेहमी गंमत वाटत आली आहे की, आपण मराठी माणसे ज्याला अवतरण म्हणतो त्याला हिंदीत उद्धरण म्हणतात. एकाच वाक्याला आपण खाली उतरवितो आणि शेजारी वर उचलतो! दोहोंचे म्हणणे खरे आहे: वाक्य एका ग्रंथातून वर निघते तेव्हाच ते दुसऱ्यात उतरते.

मराठीने या शब्दाशी बरेच खेळ केले आहेत. सुपुत्र निपजला की बेचाळीस कुळांचा उद्धार होतो. पितृकुळाच्या एकवीस आणि मातृकुळाच्या एकवीस अशी त्या हिशेबाची मांडणी आहे. आणि भांडण जुंपले की हाच उद्धार सात पिढ्यांचा होतो, तो मात्र शिव्यांनी. पूर्वजांची नावे मुखात येणे एवढेच दोन्ही प्रसंगांत समान. परंतु सर्वांत बोलका वारसा आहे तो वाण्याच्या दुकानातला. ‘उधार’ हा आपला रोजचा शब्द म्हणजे ‘उद्धार’ या शब्दाचेच प्राकृत वळणाने झिजलेले रूप होय. हे केवळ ध्वनिसाम्य नव्हे. अमरकोशाच्या वैश्यवर्गात ऋण या अर्थाचे जे पर्याय दिले आहेत त्यांत उद्धार हा शब्द स्पष्टपणे आहे. मनुस्मृतीत वाटणीच्या वेळी ज्येष्ठ पुत्रासाठी समाईक धनातून विसावा भाग आधी बाजूस काढण्यास सांगितले आहे, त्या बाजूस काढलेल्या भागाचे नावही उद्धारच. राशीतून काढून घेतलेले ते उद्धार, आणि काढून घेतले म्हणून देणे लागते ती उधार.

या ठिकाणी मराठी गृहिणीचा एक सूक्ष्म भेद आमच्या उपयोगी पडतो. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावयाची ती उसनी, आणि दुकानातून आणावयाची ती उधार. उसने फेडताना साखरच परत जाते, वाटीला वाटी. उधारीत घेतलेली साखर खाऊन संपते. ती परत जाऊ शकत नाही, आणि फेड दुसऱ्याच रूपाने, पैशाने करावी लागते. पूर्वजांकडून जे आपल्यापर्यंत आले ते आपण उसने समजतो आणि जसेच्या तसे परत उभे करण्याचा हट्ट धरतो. खरे पाहता ते उधारीचे असते. जे खर्ची पडले ते परत येत नाही. परंतु देणे उरते, आणि ते आपल्या काळाच्या चलनात फेडावे लागते. उद्धार या शब्दाने हे ज्ञान पोटात वागविले आहे, असे आमचे मत आहे. ते काशीच्या इतिहासावर पारखून पाहू.

देवालयांच्या जीर्णोद्धाराचे शास्त्र आपल्याकडे तपशीलवार सांगितलेले आहे. अग्निपुराणात त्याची स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्यांतील विधी प्रथम वाचताना आम्ही चकित झालो. मूर्ती जीर्ण वा भग्न झाली तर ती सांधून पुन्हा बसवावी असे तेथे सांगितलेले नाही. लाकडाची असेल तर तिला अग्नी द्यावा, दगडाची असेल तर पाण्यात सोडावी, धातूची वा रत्नाची असेल तर अगाध जलात वा समुद्रात टाकावी. आणि त्याच द्रव्याची, त्याच प्रमाणाची नवी मूर्ती तिच्या जागी स्थापावी. जुने जाते, नवे येते. टिकते ते स्थान, माप आणि पूजेचा प्रवाह. याला एक मोठा अपवादही सांगितला आहे. देवांनी, मुनींनी स्थापिलेले लिंग भग्न झाले तरी ते हलवू नये. म्हणजे काय बदलता येते आणि कशाला हात लावावयाचा नाही, याचा विवेक हेच जीर्णोद्धाराचे पहिले अंग होय. आजींचा रुमाल गंगेत सोडण्याचा विचार अगदीच अशास्त्रीय नव्हता, हेही यावरून कळून येईल. मात्र त्या शास्त्राचा उत्तरार्ध त्या विसरल्या होत्या: त्याच मापाचे नवे उभे केल्यावाचून जुने पाण्यात सोडले तर तो जीर्णोद्धार नव्हे.

सोळाव्या शतकात या विवेकाची कसोटी लागली आणि ती एका मराठी घराण्यापुढे लागली. पैठणहून काशीस येऊन राहिलेल्या रामेश्वर भट्टांचे पुत्र नारायण भट्ट हे त्या काळी काशीच्या पंडितांत अग्रणी होते. त्यांचे पणतू विश्वेश्वर उर्फ गागाभट्ट यांनी पुढे १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. पणजोबांचे नाव मात्र त्या मानाने थोड्यांस ठाऊक आहे. नारायण भट्टांनी प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला. काशीचे विश्वेश्वराचे देवालय मुसलमानी अमलात अनेक वेळा मोडले गेले होते. यात्रेकरूचा प्रश्न साधा होता: मूळ लिंगच राहिले नसेल तर पूजा कोणाची करावयाची?

नारायण भट्टांनी दिलेले उत्तर आमच्या मते आपल्या धर्मशास्त्रातील अत्यंत धीराच्या उत्तरांपैकी एक आहे. त्यांचा आशय असा: काळाच्या फेऱ्यामुळे पूर्वीचे लिंग जाऊन त्या स्थानी मनुष्यांनी दुसरे बसविले असेल तर जे असेल त्याचीच पूजा करावी. आणि दुष्ट राजांच्या भयाने तेथे काहीच उरले नसेल, तर त्या स्थानाला प्रदक्षिणा आणि नमस्कार करावा; त्याने नित्ययात्रा सिद्ध होते. अभिषेकादी उपचार मात्र लिंगावाचून होत नाहीत, म्हणून ते सोडावे लागतात. पुढे हानी झाली ती झाली, हे त्यांनी लपविले नाही. जे बंद पडले ते बंद पडले असे लिहून ठेविले. आणि तरीही जे करता येण्यासारखे होते ते चालू ठेविले. केवळ आठवणीच्या बळावर रिकाम्या जागेला घातलेली ती प्रदक्षिणा देवालयाच्या उद्धाराचा आरंभ होती. जागेची ओळख पुसली गेली असती तर पुढे कोणासही काही उभारता आले नसते.

याच नारायण भट्टांच्या प्रेरणेने आणि अकबराचा मंत्री राजा तोडरमल याच्या साहाय्याने १५८५ च्या सुमारास विश्वेश्वराचे देवालय पुन्हा उभे राहिले अशी परंपरा आहे. ते शंभर वर्षेही टिकले नाही. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने ते पाडण्यात आले आणि तेथे मशीद उभी राहिली.

अठराव्या शतकात मराठ्यांचे बळ उत्तरेत वाढले तेव्हा काशी आपल्याकडे यावी ही पेशव्यांची मोठी आकांक्षा होती. ती सिद्धीस गेली नाही. पेशवेकालीन पत्रव्यवहारात अशी नोंद आढळते की, मल्हारराव होळकर मशीद पाडून देवालय पूर्ववत करण्याचा मनोदय बोलून दाखवीत होते, आणि काशीतील ब्राह्मण त्या वार्तेने आनंदित न होता चिंतेत पडले. मराठी फौज आज येईल आणि उद्या जाईल. मागे राहणाऱ्यांना राज्यकर्त्यांच्या कोपाला तोंड द्यावे लागेल, ही त्यांची भीती होती. घरात बसून इतिहास वाचणाऱ्यास हे भेकडपणाचे वाटेल. ज्यांची मुले-माणसे त्या गल्ल्यांत राहत होती त्यांस तसे वाटले नाही. ‘पूर्ववत’ करणारा निघून जातो आणि त्याची किंमत दुसरेच देतात, हा अनुभव काशीला होता.

मल्हाररावांच्या सूनबाईंनी जे केले ते या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास विश्वेश्वराचे आज उभे असलेले देवालय बांधविले, ते जुन्या जागेच्या शेजारच्या भूमीवर. काशी तेव्हा होळकरांच्या राज्यात नव्हती. १७७५ मध्ये ती अयोध्येच्या नवाबाकडून इंग्रजांच्या कंपनीकडे गेली होती. परक्या अमलातील नगरात, फौज न धाडता, आपल्या खासगीच्या उत्पन्नातून त्यांनी हे काम केले. मणिकर्णिका आणि दशाश्वमेध या घाटांशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांचे देवालय हे नारायण भट्टांचे देवालय नव्हे. जागा ती नव्हे, शिळा त्या नव्हेत. म्हणजे अहिल्याबाईंनी काहीही ‘परत’ आणले नाही. तरीही विश्वेश्वराच्या पूजेचा उद्धार त्यांनीच केला, यात कोणासही शंका वाटत नाही. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथधामाचे विस्तीर्ण प्रांगण खुले झाले, त्यात अहिल्याबाईंचा पुतळा आहे. दर्शनास आलेले महाराष्ट्रीय यात्रेकरू तेथे थबकतात, ते आम्ही अनेकदा पाहिले आहे. आपल्या घरातील कोणी येथे देणे फेडून गेले आहे, असा भाव त्यांच्या तोंडावर असतो.

हे ऋण फेडणारे मराठी हात आणखीही होते. पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट यांच्या बांधणीस चालना दिली. पंचगंगेवरील बिंदुमाधवाचे आजचे देवालय औंधच्या पंतप्रतिनिधींचे. ज्ञानवापीच्या विहिरीवरील खांबांचा मंडप १८२८ मध्ये बायजाबाई शिंदे यांनी बांधविला. त्यांच्याच घराण्याचा शिंदे घाट १८३० च्या सुमारास मोठ्या थाटाने उभा राहिला आणि आपल्याच भाराने खचला. विसाव्या शतकात तो पुन्हा बांधावा लागला. त्याच्या शेजारी एका बाजूस कललेले रत्नेश्वराचे देऊळ पाहताना प्रवासी छायाचित्रे घेतात. आम्हांस तेथे उभे राहिले की वाटते, गंगेच्या काठी कोणताही उद्धार कायमचा नसतो. जीर्णोद्धाराचाही जीर्णोद्धार करावा लागतो, आणि त्यात कमीपणा नाही.

दगडाविषयी एवढे झाले. ग्रंथाच्या उद्धाराचे उदाहरणही काशी आणि पैठण यांच्यामध्येच सापडते. नारायण भट्ट काशीत ग्रंथरचना करीत होते त्याच काळी, ज्या पैठणहून त्यांचे वडील आले त्याच पैठणचे एकनाथ महाराज काशीस आले आणि शके १४९५, म्हणजे १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेस येथेच त्यांनी आपले भागवत पुरे केले. संस्कृताच्या राजधानीत मराठी टीका लिहिली म्हणून पंडित रागावले आणि शेवटी त्यांनीच ग्रंथाची मिरवणूक काढली, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यानंतर अकरा वर्षांनी, शके १५०६ मध्ये, नाथांनी ज्ञानेश्वरीचे शोधन केले. मूळ ग्रंथ शके १२१२ चा. मध्ये जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती आणि नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते.

या कामात नाथांनी दाखविलेला संयम विलक्षण आहे. ग्रंथ मुळात शुद्धच होता, अशुद्धी शिरली ती पाठांतरात, अशी त्यांची भूमिका. स्वतः थोर कवी असूनही त्यांनी त्यात आपली भर घातली नाही, आणि यापुढे कोणी आपली ओवी घुसडू नये अशी सक्त ताकीद देऊन ठेविली. मात्र ज्ञानदेवांच्या हातची पोथी त्यांनी परत आणली असे म्हणता येणार नाही. त्यांनी उपलब्ध प्रतींतून एक वाचनीय प्रत वर काढली. आज आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो तिच्यामागे हे उद्धरण आहे. नाथांनी काशीची गंगा कावडीने रामेश्वराकडे नेताना ती तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात ओतली, ही आख्यायिकाही येथे आठवते. आणलेले पाणी ज्या ठिकाणी पोहोचवावयाचे ठरले होते तेथे पोहोचले नाही. परंतु ते वाया गेले असे सांगण्याची छाती कोणत्याही कीर्तनकारास आजवर झालेली नाही.

उद्धार आणि अपहार या भावांची गल्लत कशी होते याचे उदाहरण काशीपासून जवळच सारनाथास आहे. १७९४ मध्ये बाबू जगतसिंगाच्या माणसांनी बांधकामाचे साहित्य मिळविण्यासाठी तेथील एक प्राचीन स्तूप खणला. आत दगडी पेटी, तिच्यात हिरव्या संगमरवरासारख्या दगडाचा करंडा आणि करंड्यात मानवी अस्थी मिळाल्या. काशीचा रेसिडेंट जोनाथन डंकन याने ही हकीकत लिहून ठेविली म्हणून ती आपणास कळते. त्या अस्थींचे काय झाले? त्या गंगेत सोडण्यात आल्या. तो धर्मराजिक स्तूप होता. अस्थी बुद्धाच्या असाव्यात असा तर्क पुढे अनेकांनी केला. परंतु सोडणाऱ्यांच्या मनात पाप नव्हते. अस्थी सापडल्या, त्यांना गंगा दिली, मृताचा उद्धार झाला, असेच त्यांस प्रामाणिकपणे वाटले असणार. आमच्या आजींना तरी दुसरे काय वाटत होते?

त्यानंतर एकशे दहा वर्षांनी, १९०४-०५ च्या उत्खननात, अर्टेल या अभियंत्याला त्याच भूमीत अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष मिळाले. उत्खनन या शब्दातही तोच ‘उद्’ आहे. खणणे तेच, भूमी तीच. पहिल्या वेळी विटांसाठी खणले, दुसऱ्या वेळी जाणण्यासाठी. सिंहशीर्ष पुन्हा स्तंभावर चढविले गेले नाही. स्तंभ तुटलेलाच आहे आणि सिंह १९१० मध्ये उभारलेल्या संग्रहालयात आहेत. परंतु २६ जानेवारी १९५० पासून तेच सिंह भारताचे राजचिन्ह झाले. केंद्र सरकारच्या नोकरीत कारकुनी करणाऱ्या आमच्यासारख्याच्या हातून दिवसाकाठी जे कागद जातात त्यांच्या माथ्यावर ते असतात. सवयीने आम्ही त्यांच्याकडे पाहतही नाही. अशोकाचे राज्य काही परत आले नाही. तथापि त्याने दगडात कोरविलेले काही एक आमच्या काळाच्या चलनात पुन्हा चालू झाले. यास परत आणणे म्हणता येणार नाही. यास उद्धार म्हणता येईल.

शब्दाचा एक दोषही नोंदविला पाहिजे, नाहीतर ही स्तुती एकांगी होईल. उद्धार करणारा वर उभा असतो आणि ज्याचा करावयाचा तो खाली, अशी एक उतरंड त्यात गृहीत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अस्पृश्योद्धार, स्त्रियोद्धार हे शब्द सद्‌हेतूनेच रूढ झाले, परंतु ज्यांच्याविषयी ते वापरले गेले त्यांस ते बोचले, आणि ते योग्यच होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या हातांनी पाणी उचलले, तेव्हा शब्दाचा मूळ अर्थ त्यांनी खऱ्या धन्याकडे नेला. आपला उद्धार आपणच करावा, असे गीतेच्या सहाव्या अध्यायातही सांगितले आहे. तेव्हा उद्धारक म्हणविणाऱ्याने आपल्या नावातली उधारी विसरू नये. तो दाता नसतो. कोणाच्या तरी राशीतून त्याने आधी उचललेले असते, म्हणून तो ऋणको असतो. जीर्णोद्धाराच्या संगमरवरी पाट्यांवर देणगीदारांची नावे कोरलेली पाहिली की आम्हांस नेहमी वाटते, येथे ‘दिले’ याऐवजी ‘फेडले’ असे लिहिले तर अधिक खरे होईल.

आता आजींच्या रुमालाकडे वळू. आम्ही त्यांस सांगितले की, शास्त्राप्रमाणे जुने पाण्यात सोडण्यापूर्वी त्याच मापाचे नवे तयार व्हावे लागते. तेव्हा आधी नक्कल होऊ द्या. त्या हसल्या, पण त्यांनी नाही म्हटले नाही. आमचे मोडीचे ज्ञान बेताचेच. रविवारच्या दुपारी दोन-तीन बंद लागतात. एखादी ओळ चार दिवस अडवून धरते. कागदांत राजकारण नाही, कोणा सरदाराचे पत्र नाही. घरखर्चाची टिपणे आहेत, देशावरून आलेल्या यात्रेकरूंची नावे व गावे आहेत, श्राद्धाच्या तिथी आहेत, आणि तेल, सरपण व तांदूळ यांच्या उधारीची यादी आहे. त्यांतल्या काही रकमांपुढे रेघ मारली आहे. काहींपुढे मारलेली नाही.

एका संध्याकाळी वाचून झालेला भाग आम्ही आजींस ऐकविला. यादीच्या खाली एक सही लागली होती. ते त्यांच्या आजेसासऱ्यांचे नाव निघाले. ते अक्षर त्यांच्या माळ्यावर साठ वर्षे होते आणि त्यांनी ते कधी पाहिले नव्हते. त्यांनी तो बंद हातात घेतला, उलट धरला होता तो आम्ही सुलट करून दिला, आणि बराच वेळ त्या सहीवर बोट ठेवून बसल्या. गंगेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आम्ही उरलेले कागद गोळा करून निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि एवढेच म्हणाल्या, “वाचून झाले की परत आणून दे हो, बाळ.”